करपलेला तुकडा

२ नोव्हेंबर

ही वही नेवेनाने दिली. म्हणाली, "तू तोंडाने फार बोलतोस, दोब्रिन. अर्धं यात लिहीत जा, माझ्या कानांना जरा सुटी मिळेल." वहीवर मांजराचं चित्र आहे. तिच्या मुलीसाठी आणली होती, पण मुलीला ते मांजर आवडलं नाही. मुलीला मीही आवडलेलो नाही. म्हणजे आम्ही दोघं नापासच, मी आणि मांजर.

आठवीत शाळा सोडली, तेव्हापासून सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. पण जमतंय की. मला बहुतेक गोष्टी जमतात.

तर मी चोवीस वर्षांचा, बल्गेरियातल्या रोदोपीच्या डोंगरातला. सतराव्या वर्षी घर सोडलं. स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी तोडली, जर्मनीत गोदामात खोकी उचलली, इटलीत टोमॅटो. एक हंगाम झाला की माझे पाय शिवशिवायला लागतात. आता ग्रीसमध्ये, कलामाताच्या बाजूला ऑलिव्ह झोडपतो. इथे पहिल्यांदाच पाय गप्प आहेत, आणि त्याचं कारण नेवेना. तीही आमच्याच मुलखातली. आर्गिरोबाई म्हणून एक म्हाताऱ्या ग्रीक बाई आहेत, चाकाच्या खुर्चीत असतात, त्यांचं सगळं ती बघते आणि त्यांच्याच घरात खालच्या दोन खोल्यांत राहते. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. मुलगी एलित्सा, आठ वर्षांची.

काल मी लग्नाचं विचारलं. नेवेना कपडे वाळत घालत होती. तोंडातला चिमटा न काढताच म्हणाली, "मला तू चालतोस. पण घर तिचंही आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्याबरोबर जेवायला ये. ती शेवटपर्यंत बसली तर हो. मधेच उठून गेली तर हंगाम संपला की तू तुझ्या वाटेने जा. आणि मागून फोन करत बसू नकोस."

त्या संध्याकाळी आमच्यात जेवण आटपेपर्यंत कुणी जागचं हलत नाही. हललं तर वर्षभर घर विस्कटतं म्हणतात. एलित्साला हे पक्कं ठाऊक आहे. ती उठली तर चुकून उठणार नाही.

सात आठवडे आहेत. आठ वर्षांच्या पोरीला पटवायला सात आठवडे म्हणजे चंगळ आहे.

५ नोव्हेंबर

आज चौदा झाडं. खाली जाळं अंथरायचं, मशीनच्या काठीने फांद्या झोडपायच्या, पाला काढायचा, पोती भरायची. दुपारी जाळ्यावरच जेवण आणि जेवताना माझ्या गोष्टी. माझ्या सावत्र आईला या टोळीत मोठी मागणी आहे.

मेतोदादा आमच्यात सगळ्यात मोठा, साठीचा. पाव हातात आला की सुरू, "हं, काय म्हणते आज चेटकीण?"

मी सांगतो. रादका आमच्या घरात आली तेव्हा मी आठ वर्षांचा. माझी आई जाऊन दोन वर्षं झाली होती. रादकाने पहिल्याच दिवशी मला पकडून डोक्यावरचे केस सफाचट केले, म्हणाली उवा आहेत. दुसऱ्या हिवाळ्यात मी तापाने पडलो तर पाठीवर मोहरीचा असा लेप थापला की कातडी लाल झाली, आणि तीन रात्री उशाशी बसून राहिली, मी पळून जाऊ नये म्हणून. बुटांचं तर विचारूच नका. तिची स्वतःची मुलगी मिल्का, माझ्याहून दीड वर्षाने लहान. तिला माझे जुने, वापरून मऊ झालेले बूट. आणि मला दर वर्षी कोरे करकरीत, टाचा सोलून काढणारे!

"अरेरे," मेतोदादा म्हणाला. मग जरा थांबून, "दर वर्षी कोरे?"

"दर वर्षी!"

"माझी आजी सांगायची त्यातली सावत्र आई राखेची भाकरी भाजायची आणि डोंगरावरून घरंगळवून पोरीला म्हणायची, जा, धर जा. तुझीने भाकरीचं काही केलं का?"

मग मी ठेवणीतली गोष्ट काढली. ती आली त्या वर्षीचीच नाताळची आदली संध्याकाळ. पावात नाणं असतं, ज्याला सापडेल त्याचं वर्षभर भलं. बाबांनी पाव मोडला आणि वाटला. माझ्या हातात छान फुगलेला, मोठा तुकडा. मी तोंडाशी नेणार, तेवढ्यात रादकाने तो हिसकावून घेतला. सणाच्या दिवशी, हातातला घास! म्हणाली, तो कच्चा आहे. आणि मिल्कापुढचा करपलेला तुकडा माझ्या हातात कोंबला. मी असा रडलो की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

"मग?"

"मग काय! देव बघत होता. नाणं निघालं त्या करपलेल्यात! तिचं तोंड बघायला हवं होतं. आणि तेव्हापासून नऊ वर्षं, मोजून नऊ, नाणं मलाच. मिल्काला एकदाही नाही. असलं नशीब आहे आपलं."

शेवटचं नाणं अजून माझ्या पाकिटात आहे. सगळ्यांना दाखवलं. मेतोदादाने ते उलटंसुलटं करून पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं, आणि पाव चावत बसला. म्हाताऱ्याला गोष्ट फारच लागलेली दिसली.

१३ नोव्हेंबर

एलित्साला रंगीत पेन्सिली नेल्या. तिने घेतल्या, आभार मानले आणि एकेक करून आर्गिरोबाईंच्या मांडीवर ठेवल्या. ती मला काका म्हणत नाही, नावानेही हाक मारत नाही. "आई, पाहुणा आलाय" म्हणते. दीड महिना मी रोज येतोय, तरी पाहुणाच.

आज मात्र स्वतःहून बोलली. "गोष्टीत सगळीकडे सावत्र आईच का असते? सावत्र बाप का नसतो?"

"कारण सावत्र बाप चांगले असतात," मी म्हणालो. "चांगल्या माणसाची काय गोष्ट होणार?"

"नाही," ती म्हणाली. "बाप घरात थांबतच नाहीत, म्हणून."

आर्गिरोबाईंना बल्गेरियन एक अक्षर कळत नाही. तरी हसल्या.

१९ नोव्हेंबर

अंगणातल्या मोठ्या झाडाला झोका बांधला. दोन तास गेले. ती बसली नाही. तो रिकामा लोंबकळताना बघवेना म्हणून मीच बसलो, तर फांदी मोडली. पाठ धरली आहे. खिडकीतून कुणीतरी हसलेलं ऐकू आलं. प्रगती आहे.

२८ नोव्हेंबर

आजचा दिवस वाईट.

पाऊस होता, काम नव्हतं. नेवेना आर्गिरोबाईंना डॉक्टरकडे घेऊन गेली आणि मला म्हणाली, तासभर पोरीपाशी बस. मी खूश. सूप गरम करून पुढे ठेवलं. एलित्साने ताटली सरकवली.

"यात काय घातलंस?"

"गाजर."

"मी नाही खाणार."

"का गं बाई? मी काय विष घातलंय?"

"तुझ्या सावत्र आईने तुला करपलेलं खायला घातलं, केस कापले, पाठ भाजली. मेतोआजोबांनी सांगितलं मला, पावाच्या दुकानात. तूच सांगितलंस ना त्यांना?"

मी म्हणालो, हो, मीच.

"ती घरात आली आणि ती तुला आवडली नाही. बरोबर?"

"बरोबर."

"अजून नाही आवडत. तू एवढा मोठा झालास तरी."

मी चमचा पुसायला घेतला.

"मग मला तू का आवडायला हवास?"

या पोरीला आठच वर्षं झालीत. मोठी होऊन वकील होणार. मी म्हणालो, माझी गोष्ट वेगळी आहे. ती म्हणाली, कशी? मी म्हणालो, सूप गार होतंय. ती म्हणाली, होऊ दे.

मेतोदादाला संध्याकाळी चांगला झापला. तो शांतपणे म्हणाला, "तू चाळीस माणसांना सांगितलंस, मी एकीला. त्यात माझं काय चुकलं रे?"

६ डिसेंबर

आज संत निकोलाचा दिवस. मिल्काच्या नवऱ्याचं नाव निकोला, म्हणून त्याच्या नावाच्या सणाला फोन केला. सगळे रादकाकडेच जमले होते; तोंडावर मी तिला मावशी म्हणतो. मागे ताटांचा आवाज, भरलेला मासा भट्टीतून निघत होता. बाबा गेल्यावर ती घरात एकटीच असते, पण सणाला मिल्का येते.

मिल्काने फोन घेतला. "अहो पाहुणे! जिवंत आहात का?" तीही पाहुणाच म्हणाली. मी तिला नेवेनाचं सांगितलं, एलित्साचं सांगितलं. ती एवढी हसली की निकोला विचारायला आला काय झालं.

"तू! सावत्र बाप! आईला सांगते थांब, तिच्या गुडघ्याचं दुखणं पळेल."

"हस. जमेल मला. माझं नशीब कसलं आहे ते ठाऊक आहे तुला."

"तुझं नशीब? तुझं नशीब कणकेतच मळलेलं असायचं, गाढवा," ती म्हणाली आणि फोन आईकडे दिला.

कसली कणीक? मिल्काला लग्नानंतर कोड्यात बोलायची सवय लागली आहे.

रादका मावशीशी मी वर्षातून दोनदा बोलतो. आज सरळ विचारलं, "मावशी, तू मला कसं वठणीवर आणलंस?"

"कधी आणलं?" ती म्हणाली. "सतराव्या वर्षी दार आपटून गेलास तो गेलासच."

"तसं नाही. म्हणजे, सुरुवातीला. मी तुझ्यावर थुंकलो होतो ना एकदा."

"दोनदा."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? चुलीवर काहीतरी ठेवायचे. तू ओरडायचास, मी ढवळायचे. ओरडून दमलास की तुला भूक लागायची."

"बस?"

"आणखी काय असतं?"

म्हणजे हिने विशेष काही केलंच नाही. तेच वाटलं होतं मला. मला बरंच जास्त करावं लागणार, आणि मी करणार.

१२ डिसेंबर

विशेष काही केलं नाही. सूप केलं. गाजर काढून टाकलं. तिने तीन चमचे घेतले आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." मी मीठ घातलं. चौथा चमचा घेतला.

लिहून ठेवतो, विसरायला नको. चार चमचे.

१८ डिसेंबर

नेवेनाला चोवीस तारखेला दिवसभर आर्गिरोबाईंचं काम आहे, त्यांचे नातेवाईक भेटायला येणार. चुलीवरचं ती रात्रीच करून ठेवेल, पण पाव कोण करणार? मी म्हणालो, मी. तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी विमान चालवतो म्हणालोय.

लगेच मावशीला फोन. तिने सगळं सांगितलं, मी लिहून घेतलं. पीठ दोनदा चाळायचं. कोमट पाणी, खमीर, मीठ, थोडं तेल. लोणी नाही, उपास आहे. एक गोळा मधे, तो देवाच्या आईचा. बाकीचे त्याच्याभोवती फुलासारखे चिकटवायचे, एक घराचा, मग माणशी एक. नाणं उकळून घ्यायचं.

"आणि ज्या गोळ्यात नाणं घालशील त्यावर खूण कर," ती म्हणाली. "अंगठ्याने जरा दाब. फुगलं तरी थोडा खळगा राहतो."

"खूण कशाला? मग ते नशीब कसलं?"

मला वाटलं फोन कटला.

"मावशी?"

"कुणाचा दात पडू नये म्हणून," ती म्हणाली. "आणि भट्टीच्या मागच्या बाजूला ठेवू नकोस, त्या बाजूचे गोळे करपतात. आमचीही तशीच होती."

२२ डिसेंबर

मेतोदादाच्या खोलीतल्या भट्टीत सराव केला. पहिला पाव: दगड. दुसरा: दगड, पण फुगलेला. तिसरा आम्ही खाल्ला. मेतोदादा म्हणाला, उतारावरून सोडला तर खालच्या गावापर्यंत जाईल. तो खवचट आहे, पण त्याने तिन्ही खाल्ले.

माझा बेत ठरला आहे. नाणं एलित्सालाच मिळालं पाहिजे. मोठ्यापासून लहानापर्यंत वाटतात, म्हणजे तिचा तुकडा शेवटचा. पाव बरोबर फिरवून ठेवला की झालं. नाणं हातात आलं की पोरगी खूश, खूश पोरगी उठून कशाला जाईल? नाणंही माझंच घालणार आहे, पाकिटातलं. त्यातलं नशीब कधी वाया गेलेलं नाही.

एवढा सोपा उपाय मला आधी कसा सुचला नाही?

२५ डिसेंबर, सकाळ

कालचं सगळं लिहितो. जसं झालं तसं.

पाव झाला. मागच्या बाजूचे दोन गोळे करपले, पण फुगला छान. आणि तो करपलेल्यांपैकीच एक होता, नाण्याचा. अंगठ्याचा खळगा मात्र स्पष्ट. मी पाव असा ठेवला की वाटत वाटत तो शेवटी एलित्साकडे यावा. मेजावर कापडाखाली पेंढा, मेणबत्ती, सात पदार्थ, राजमा, भरलेल्या सुक्या मिरच्या, सुक्या फळांचं पाणी, अक्रोड, मध, सगळं. नेवेनाने केस बांधले होते. एलित्सा तिच्या शेजारी बसली, माझ्याकडे न बघता. पाय खुर्चीखाली आखडलेले, उठायला तयार असल्यासारखे.

पाव घरातल्या सगळ्यात मोठ्याने मोडायचा. ते मी विसरलो नव्हतो, पण तो मोठा म्हणजे आर्गिरोबाई, हे डोक्यातच आलं नाही. नेवेनाने त्यांची खुर्ची आणली. त्यांनी पावावर हात ठेवला, ग्रीकमध्ये काहीतरी पुटपुटल्या. नेवेनाने सांगितलं, "म्हणतायत, आम्ही हे नवीन वर्षाला करतो, तुम्हा लोकांना धीर नाही." आणि मग बाईंनी पाव धरून गरकन फिरवला. तीनदा. त्यांच्यात तशी रीत आहे म्हणे, की बाईंनाच गंमत वाटली, देव जाणे.

मधला देवाच्या आईला. एक घराला. एक स्वतः बाईंनी घेतला. एक नेवेनाला. मग माझ्यापुढे तुकडा आला, करपलेला, वर अंगठ्याचा खळगा. एलित्साला शेवटचा, छान सोनेरी, टम्म फुगलेला.

नशीब! इथेही मलाच शोधत आलं.

एलित्साने तुकडा उचलला. तोंडाशी नेला. मी विचार केला नाही. हात लांब केला आणि तो तिच्या हातातून काढून घेतला.

"तो कच्चा आहे," मी म्हणालो. "हा घे." आणि माझा करपलेला तिच्या हातात कोंबला.

नेवेनाने "दोब्रिन!" म्हटलं, जसं कुत्र्याला म्हणतात तसं. एलित्साचं तोंड उघडंच राहिलं. डोळे भरले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. ती अर्धी उठली होती, एक पाय जमिनीवर, हातात तो काळा तुकडा.

आणि मी तिथेच बसून होतो, हातात सोनेरी पाव, आणि मला माझी शेजारच्या कुत्र्याला भुंकायला लावणारी आरोळी ऐकू येत होती. आणि रादकाचं तोंड. सोळा वर्षं मी सांगत आलो, तिचं तोंड बघायला हवं होतं. मी ते तेव्हा नीट बघितलंच नव्हतं. काल बघितलं. ते माझंच होतं. घाबरलेलं.

"एकदा मोडून बघ," मी म्हणालो. "मग जायचं तर जा."

ती उभीच होती. तिने तुकडा मोडला. नाणं पेंढ्यावरच्या कापडावर पडलं, आवाज न करता.

मग आर्गिरोबाईंनी टाळ्या वाजवल्या.

एलित्साने नाणं उचललं. करपलेल्या पापुद्र्याकडे पाहिलं, त्यावरच्या खळग्याकडे. मग माझ्या अंगठ्याकडे. त्या पोरीचे डोळे! मग खुर्ची पुढे ओढली आणि बसली. पाव चावला. चावत राहिली. मध मागितला. मी दिला. अक्रोड फोडून दिले, एकही किडका निघाला नाही. राजमा, मिरच्या, फळांचं पाणी, सगळं झालं. मेणबत्ती अर्धी झाली. शेवटी नेवेनाने हात जोडले, जेवण संपल्याचं म्हणाली, तेव्हा कुठे एलित्सा उठली.

माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबली. हळूच म्हणाली, "पुढच्या वर्षी खूण लहान कर. लांबून दिसते."

पुढच्या वर्षी! नेवेनानेही ऐकलं. ती ताटं उचलायला गेली, तर मी म्हणालो, आज ताटं रात्रभर तशीच ठेवायची असतात, विसरलीस? ती म्हणाली, "मला माहीत आहे," आणि तरी तशीच पाठमोरी उभी राहिली थोडा वेळ.

आज उठल्या उठल्या मावशीला फोन केला.

"पाव फुगला का?" ती म्हणाली.

"फुगला. मागचे करपले."

"करपणारच. नाणं कुणाला?"

"एलित्साला."

"बसली का?"

"बसली. शेवटपर्यंत."

तिने मोठा श्वास सोडला. मग म्हणाली, दूध चुलीवर आहे, ठेवते. पण फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. मिल्काला नऊ वर्षांत एकदाही नाही, ते मला विचारायचं होतं. मोहरीच्या लेपाचं विचारायचं होतं, आणि बुटांचं.

शेवटी म्हणालो, "माझं नशीब फार चांगलं होतं, मावशी."

"होतंच," ती म्हणाली. "दूध उतू जातंय."